रुई आणि लाल शाई

मी मिरजेचा. धंद्यानं गादीवाला आणि रात्री दुकान बंद झाल्यावर कविता लिहिणारा. आमच्या जमातीला पिंजारी म्हणतात, नदाफही म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, कापूस पिंजणारा. आमच्या भागात हे नाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "कारखाना कुठं तुमचा?" कारखाना म्हटल्यावर परगावचा माणूस भोंगा आणि धुराडं शोधायला लागेल. आमच्याकडं एक खोली, पिंजण्याचं एक यंत्र, दोन कारागीर आणि बाहेर रचलेल्या चार गाद्या असल्या, की त्याला गादी कारखाना म्हणतात.

या कारखान्यासाठी एक पत्रक लिहायचं होतं. वर्तमानपत्रात घालून वाटतात तसलं, अर्ध्या पानाचं. मराठी घेऊन बी.ए. झालेला, दोन कवितासंग्रह छापलेला माणूस मी. मला हे काम किती वेळाचं? पण मला जवळजवळ एक वर्ष लागलं. ते वर्ष कशात गेलं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

मागणी माझ्या मुलाची होती. २०१८ सालची गोष्ट. फोमच्या गाद्या गावोगाव पोचल्या होत्या आणि कापसाच्या गादीचं गिऱ्हाईक रोडावलं होतं. लग्नसराईत पूर्वी आमच्याकडं दम घ्यायला फुरसत नसायची. आता रुखवताच्या गादीसुद्धा दुकानातून गुंडाळी करून येते. मिरज हे दवाखान्यांचं गाव असल्यामुळं एक आधार राहिला होता. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, सोबतची माणसं व्हरांड्यात झोपतात, त्यांना पातळ गादी आणि उशी लागते. त्यावर दुकान कसंबसं चाललं होतं. मुलगा एक दिवस हिशेबाची वही मिटून म्हणाला, "अब्बा, सारी दुनिया के वास्ते लिखते, दुकान के वास्ते बी कुच लिखो ना."

लिहायला बसलो. पहिली ओळ आली, 'आमचे येथे सर्व प्रकारच्या गाद्या, उशा व तक्के माफक दरात तयार करून मिळतील.' ही ओळ माझी नव्हती. ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक गादीच्या दुकानावर पेंटरनं रंगवलेली असते. खोडली. दुसरी लिहिली, तर तिच्यात चांदणं, निद्रादेवी आणि आईची कूस अशी सगळी मंडळी गोळा झाली. तीही माझी नव्हती. शाळेच्या निबंधातून उठून आलेली होती. खोडली. अशी खोडाखोड महिनाभर चालली, मग पत्रकाचा विषय निघाला की मी मुलाला टाळायला लागलो.

माझ्या आत एक परीक्षक बसलेला आहे. लिहिणाऱ्या बहुतेकांच्या आत तो असतो, पण माझा जरा जास्तच कडक. तो दोन्ही बाजूंनी मारतो. दुकानासाठी लिहायला घेतलं की म्हणतो, तू कवी ना, आणि गादीची जाहिरात करतोस? आणि कविता लिहायला घेतली की म्हणतो, तू पिंजाऱ्याचा पोर, तू कसला कवी? दोन्ही प्रश्न खरं तर एकमेकांना कापतात. पण रात्री अकरा वाजता, दिवसभर रुईच्या धुळीत काम करून बसल्यावर माणसाला एवढा तर्क सुचत नाही.

हा परीक्षक कुठून आला, ते मला नेमकं ठाऊक आहे. १९८७ साली मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी एक लेख दिला होता, घराविषयी. त्यात एक वाक्य होतं की, अब्बा दिवसभर रुई पिंजतात आणि संध्याकाळी त्यांच्या भुवयांवर, मिशीवर रुई बसलेली असते. त्या वेळी आमच्याकडं यंत्र आलेलं होतं, पण बारीकसारीक काम अब्बा अजून हाताच्या पिंजणावर करायचे. छताला टांगलेली ती मोठी लाकडी धनुकली, तिला ताणून बांधलेली तात, आणि तिच्यावर मारायचा दोन्ही टोकांना जाड असलेला ठोकळा. ठोका पडला की तात रुईत थरथरते, गाठी सुटतात, कचरा खाली झडतो आणि रुई फुलून वर येते. मिरजेत एका गल्लीत सतारीच्या तारा लागत आणि आमच्या गल्लीत ही तात वाजे. लहानपणी मला दोन्ही आवाज एकाच घराण्याचे वाटायचे.

लेख परत आला तो लाल शाईनं भरून. 'रुई' या शब्दाभोवती गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'रुई हे झाड आहे. त्याची पाने मारुतीला वाहतात. येथे कापूस हवे. घरची भाषा घरी ठेवावी.' सर वाईट नव्हते. पुढं त्यांनीच मला आपल्या कपाटातली पुस्तकं वाचायला दिली. त्यांच्या घरी रुई म्हणजे झाडच होतं, यात त्यांचा काय दोष? पण ते शेवटचं वाक्य माझ्या हाडात जाऊन बसलं. लेख मी अंकात छापूच दिला नाही. आणि त्या दिवसापासून लिहिताना प्रत्येक शब्दाला विचारायला लागलो, बाबा, तू घरचा की बाहेरचा?

याचा परिणाम कवितेवर व्हायचा तो झाला. माझ्या दोन्ही संग्रहांत पाऊस आहे, नदी आहे, एकाकीपणा तर पोत्यानं आहे. गादी नाही, उशी नाही, सुई-दोरा नाही, अब्बांची मिशी नाही. शुद्धलेखनात मात्र कुणी बोट दाखवू नये. महामंडळाचे १९६२ सालचे १४ नियम आणि १९७२ साली त्यात पडलेली ४ नियमांची भर, असे १८ नियम मला पाठ होते. सभेत कविता वाचली की कुणी तरी हमखास जवळ येऊन कौतुकानं म्हणायचं, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात काही नसायचं. मीही हसून आभार मानायचो. पण ज्याला हे वाक्य वीस वर्षं ऐकावं लागतं, त्यालाच त्यातलं कुसळ कळतं. शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेले, बार्शीच्या अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून गाजला, १९९० साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. हे सगळं मला माहीत होतं. त्याच १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तिथं मी एसटीनं गेलो होतो, मागच्या रांगेत बसून सगळं ऐकून आलो होतो. माहीत असून उपयोग होत नव्हता. परीक्षक पुस्तकांना घाबरत नाही.

१९९८ साली अब्बा गेले आणि दुकान माझ्याकडं आलं. गिऱ्हाईक नसलं की मी वर्तमानपत्राचं पान न् पान वाचायचो, अगदी बाजारभावासकट. एके दिवशी त्या बाजारभावाच्या पानावर छापलेलं दिसलं, रुईच्या गाठींचे दर. मी दोनदा वाचलं. मग कापसाच्या एका व्यापाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "त्यात काय विशेष? शेतातनं येतो तो कापूस, सरकीसकट. जिनिंगला सरकी निघाली की खाली राहते ती रुई." १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई पडते, आणि रुईची गाठ १७० किलोची बांधतात. म्हणजे अब्बा पिंजत होते ती रुईच होती. घरची भाषा मराठीच्या बाजारात राजरोस उभी होती आणि मी तिला बारा वर्षं घरात कोंडून ठेवलं होतं. मी दुकानात एकटाच हसलो. नंतर फार हसू आलं नाही.

तुम्हाला वाटेल, इथं परीक्षक हरला. तसं काही झालं नाही. आपण बरोबर होतो हे कळणं वेगळं आणि हात मोकळा होणं वेगळं. पुढची वीस वर्षंही मी तसंच धुतलेलं, इस्त्री केलेलं लिहीत राहिलो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचा पूर आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं दुकान उंचावर, त्यामुळं वाचलं. पाणी उतरल्यावर सांगलीला गेलो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरोघरच्या गाद्यांचे ढीग पडलेले. चिखलानं काळ्या झालेल्या, एकेक चार माणसांनाही उचलेना अशी. त्यातल्या कितीतरी आमच्या हातच्या होत्या. आपला टाका माणूस ओळखतो.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात लोक यायला लागले. "चाचा, उन्हात वाळवून परत पिंजून देता का?" नवी गादी घ्यायची ऐपत कुणाची होती? कुणी तरी तसल्या गाद्या पिंजून द्यायला सुरुवात केल्याचंही कानावर आलं. मुलगा म्हणाला, "अब्बा, आज रात को लिखोच. कल छापते." त्या रात्री परीक्षकाला बसायला जागाच नव्हती. घरभर पूरग्रस्त पाहुणे झोपलेले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बिलबुकाच्या मागच्या बाजूला लिहिलं. पाऊण तासात झालं.

त्यात लिहिलं होतं ते असं. पुराच्या पाण्यात बुडालेली गादी पिंजून परत वापरू नका. त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं. वरून वाळलेली दिसली, तरी आत ओल राहते आणि बुरशी धरते. कुणी पिंजून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका, मी म्हणालो तरी देऊ नका. छपरातून गळून किंवा नळाच्या पाण्यानं भिजली असेल, तर गोष्ट वेगळी. ती लगेच उसवा, रुई हातानं मोकळी करा, तीन-चार कडक उन्हं द्या, मग आणा. आणि शेवटी, माझा हात कसा वळला कोण जाणे, पण लिहून गेलो की, नवी गादी लगेच जमणार नाही, तर लाज वाटून घेऊ नका. माझ्या वडिलांनी गावाच्या गाद्या शिवल्या, पण मी आठवीत जाईपर्यंत आमच्या घरी गादी नव्हती. आम्ही बारदानावर झोपायचो. खाली भाताचा पेंढा पसरा, वर दुहेरी बारदान टाका, ऊब राहते. पेंढा आठ दिवसांनी बदला.

गादीवाल्याच्या घरी गादी नव्हती, ही गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. ५०० प्रती छापल्या आणि मुलानं त्यातला एक फोटो काढून व्हॉट्सॲपवर सोडला, तो कुठल्या कुठं गेला.

सकाळी छापून आलेलं पत्रक हातात घेतलं आणि पोटात गोळा आला. पहिल्याच ओळीत 'भीजलेली' छापलं होतं. भ दीर्घ. अठरा नियम पाठ असलेल्या माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लेखन, आणि त्यात ही चूक. माझ्या एका कवी मित्राचा अकरा वाजता फोन आलाच, "पत्रक वाचलं. भि ऱ्हस्व पाहिजे." मी म्हटलं, "हो, पाहिजे." बाकी कुणी ती चूक काढली नाही. नदीकाठच्या एका वाडीतली म्हातारी नातवाला घेऊन आली, पत्रक पदराच्या टोकाला बांधलेलं. म्हणाली, "बाळ, पेंढा मिळंल, पर बारदान देतोस का दोन?" गादीच्या कारखान्याला बारदानाची काय कमी? रुई त्यातूनच येते. त्या महिन्यात आम्ही नव्या गाद्यांपेक्षा बारदानंच जास्त दिली.

तेव्हापासून महिन्याला एक पत्रक निघतं. बिलासोबत देतो, उरलेली चहाच्या टपरीवर ठेवतो. रात्री लिहायचं आणि सकाळी तपासायचं, ही वाटणी मी करून टाकली आहे. रात्री लिहिताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवतो, बहुतेक वेळा दवाखान्याच्या व्हरांड्यात गादी घ्यायला आलेलं कुणीतरी. सकाळी चहाच्या वेळी परीक्षकाला बोलावतो. त्याला हाकलून देता येत नाही, हे मला आता पटलं आहे, म्हणून त्याला काम दिलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघ आणि यात खोटं काही आहे का ते बघ. हे वाचून लोक मला काय म्हणतील, हे त्याच्या खात्यात येत नाही. मग बायकोला वाचून दाखवतो. ती शिकली सातवीपर्यंत, पण कान तयार आहे. मी सभेत बोलल्यासारखं लिहिलं की भाकरी थापता थापता म्हणते, "अहो, हे तुम्ही नव्हे बोलत." ते वाक्य काढावं लागतं. फार सुंदर वाक्यं गेली अशी माझी.

पण मंडळी, परीक्षकाचं एक ऐकायला हवं होतं आणि मी ऐकलं नाही, तेही सांगतो. जुनी गादी किंवा उशी उसवली की आत काय काय सापडतं. नाणी, किल्ल्या, चिठ्ठ्या, न घेतलेल्या गोळ्या. अब्बांचा नियम होता, सापडलं ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि विसरून जायचं. पत्रकांना चांगली दाद मिळायला लागली आणि माझी भीड चेपली. एका उशीत सापडलेल्या वस्तूबद्दल मी लिहिलं. नाव नाही, गल्ली नाही, फार हळुवार लिहिलं असं माझं मत. रात्री लिहिताना आत कुणीतरी म्हणत होतं, हे नको. मला वाटलं हा तोच जुना आवाज, घरची भाषा घरी ठेव म्हणणारा. मी त्याला गप्प केलं.

आठवड्यानं ती बाई आली. पत्रक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "आमचीच उशी ना ही, भाऊ?" एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, संध्याकाळी बायकोला घेऊन घरी जाऊन पुन्हा मागितली. उरलेली पत्रकं बंबात घातली. काय सापडलं होतं, ते अर्थात आज इथंही सांगणार नाही. माझं बारदान सांगायला मी मोकळा आहे, तिची उशी माझी नव्हती. इतकी साधी गोष्ट कळायला मला एका माणसाला दुखवावं लागलं. त्यानंतर दोन महिने पत्रक निघालं नाही. पुन्हा लिहायला बसलो तेव्हा जुना परीक्षक आणखी जोरात आला होता, बघ म्हणालो होतो ना, असं म्हणत. आतले दोन आवाज एकसारखेच ऐकू येतात, हीच पंचाईत आहे. एक माझ्या लाजेपोटी बोलतो, दुसरा दुसऱ्याच्या अब्रूपोटी. अजूनही कधी कधी मला ओळखता येत नाही. मग ते वाक्य रात्रभर तसंच ठेवतो आणि सकाळी अब्बांना विचारल्यासारखं करून बघतो.

धंदा वाढला का, असं सगळे विचारतात. थोडा वाढला. फोमच्या गाद्या काही कुणी परत केल्या नाहीत. पण जुनी गादी पिंजून घ्यायला लोक पुन्हा येऊ लागले, कारण दोन-तीन वर्षांनी पिंजली की तीच रुई परत फुलते, हे पत्रकात दोनदा लिहिलं होतं. ३ बाय ६ च्या गादीत आठ-दहा किलो रुई असते, ती फेकून देऊन नवी घेणं कुणाला परवडतं? मुलगा वहीत आकडे मांडतो आणि मान हलवतो. ती मान कुठल्या बाजूला हलते, ते महिन्यावर अवलंबून.

आणि कविता? एका कवितेत 'रुई' हा शब्द आला आहे. एका मासिकाला पाठवली, तर संपादकांनी फोन करून विचारलं, इथं रुई म्हणजे झाड का? मी म्हटलं, नाही, पिंजतात ती. ते म्हणाले, असं होय, मग राहू द्या. ती छापून आली.

या महिन्याचं पत्रक अजून लिहून व्हायचं आहे. विषय सावरीची उशी. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात. तो कापूस इतका गुळगुळीत असतो की त्याचं सूत धरत नाही, म्हणून तो उशीतच शोभतो. मुलगा म्हणतो, सावरीच्या नावाखाली लोक काय काय भरून विकतात ते लिहा. बायको म्हणते, अम्मीच्या उशीचं लिहा, ती सोबत घेऊन मी या घरात आल्यापासून तुम्हाला बघते, तिच्याबद्दल तुम्ही कधी बोलत नाही. सकाळी सहाला चहा आणि परीक्षक एकदमच येतात. त्याच्या आत अर्धं पान झालं पाहिजे.